वादळानंतर परसातील जुने झाड : तोडावे की सांभाळावे?

वादळाची रात्र सरली की गावागावांत सर्वप्रथम ऐकू येतो तो यांत्रिक करवतीचा आवाज. रस्त्यावर आडवे पडलेले झाड हटवावेच लागते, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच घाईत परसातील अशीही झाडे करवतीखाली जातात, जी आणखी दोन पिढ्या सहज उभी राहिली असती. याउलट खोड आतून चिरलेले, मुळे उखडलेले एखादे झाड केवळ हिरवे दिसते म्हणून तसेच ठेवले जाते आणि पुढच्या पावसाळ्यात कौलांवर कोसळते. दोन्ही चुकांचे मूळ एकच. झाड नेमके कोठे आणि किती दुखावले आहे, हे न पाहताच निर्णय घेतला जातो.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. त्याचा केंद्रबिंदू येथे जमिनीवर आलाच नाही. तरीही असंख्य झाडे मोडून पडली, वीजवाहिन्या तुटल्या आणि अनेक गावे अंधारात राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरील श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. चक्रीवादळ आले नाही तरी वैशाखातील वळीव आणि आषाढातील झोडपणारे वारे दरवर्षी येतातच. म्हणून परसात जुना आंबा, फणस, चिंच किंवा माड असलेल्या प्रत्येक घराला पुढील माहिती कधी ना कधी उपयोगी पडेल.

झाड का मोडते?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावर पडणारा दाब दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. त्यामुळे नेहमीच्या वाऱ्यात निर्धास्त डोलणारे झाड वादळात अचानक हार खाते. मात्र वारा हे केवळ निमित्त असते. झाड बहुधा तेथेच मोडते, जेथे ते आधीपासून दुबळे होते. दोन फांद्या अगदी अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढलेल्या असतील तर त्यांच्या बेचक्यात साल अडकून राहते आणि जोड पक्का होत नाही. पूर्वी वेडीवाकडी तोडलेली फांदी आत कुजत गेलेली असते. एके काळी शेंडा छाटून टाकलेल्या झाडाला फुटलेले लांब धुमारे वरवरच चिकटलेले असतात.

मुळांची गोष्ट निराळी. मोठ्या झाडाची मुळे फार खोल जातात, हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती आडवी, पर्णसंभाराच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. गोव्यातील जांभ्या दगडाच्या जमिनीत मातीचा थर आधीच पातळ असतो. त्यात कुंपणाच्या भिंतीसाठी चर खणला, अंगणात फरशा बसवल्या, जलवाहिनी टाकली की एका बाजूची मुळे तुटतात. झाड वरून हिरवेच राहते, कारण उरलेल्या मुळांतून पाणी मिळत असते; परंतु त्याचा नांगर सुटलेला असतो. पावसाने माती भिजून मऊ झाली आणि वारा नेमका त्या बाजूने आला की ते मुळांसकट उन्मळते. अशा वेळी वादळाला दोष देण्यापूर्वी चार-पाच वर्षांपूर्वीचे बांधकाम आठवून पाहावे.

पहिला दिवस : आधी माणसे

वादळ शमताच झाडाखाली जाण्याची घाई करू नये. वीजवाहिनी फांदीत अडकली असेल किंवा जमिनीवर पडली असेल तर तिच्यात प्रवाह आहे असेच समजावे, किमान १० मीटर दूर राहावे आणि वीज खात्याला कळवावे. ओली फांदी आणि ओली जमीन या दोन्हींतून विजेचा झटका बसू शकतो. वाहिनीला टेकलेल्या झाडाला खात्याची माणसे प्रवाह बंद झाल्याची खात्री देईपर्यंत हात लावू नये.

त्यानंतर वर पाहावे. तुटून दुसऱ्या फांदीवर अडकलेली फांदी दोन दिवसांनी, वारा नसतानाही पडू शकते. तिच्या खालचा भाग दोरी बांधून बंद करावा. मुले, गुरे व वाहने तेथून हलवावीत. वाकून ताणलेली फांदी त्याहून फसवी असते. कापताच ती धनुष्यासारखी उसळते. शिडीवर उभे राहून यांत्रिक करवत चालवणे तर टाळलेच पाहिजे. जमिनीवर उभे राहून हातकरवतीने होईल तेवढेच काम घरच्यांनी करावे. बाकीचे जाणकारावर सोपवावे. घरावर किंवा वाटेवर झाड कोसळले असल्यास अग्निशमन दलाला १०१ वा ११२ या क्रमांकावर बोलवावे.

काहीही कापण्यापूर्वी झाडाची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. नुकसानभरपाईसाठी, परवानगीसाठी आणि पुढे झाड सुधारते आहे की खालावते आहे हे ताडून पाहण्यासाठी ती उपयोगी पडतात.

झाडाची तपासणी : पाच प्रश्न

तातडीचा धोका दूर झाला की उरलेल्या निर्णयाला दोन-तीन आठवडे अवधी द्यावा. तेवढ्यात झाड मरत नाही. या अवधीत पाच प्रश्नांची उत्तरे शोधावीत.

पहिला प्रश्न, पर्णसंभार किती उरला? तीन चतुर्थांशाहून अधिक शाबूत असेल तर झाड बहुधा सावरते. निम्मा गेला असेल तर झाडाचे वय, जात आणि मूळची प्रकृती यांवर भवितव्य ठरते. निम्म्याहून अधिक गेला आणि मुख्य फांद्याही मोडल्या असतील तर आशा थोडी. पाने झडली म्हणजे फांदी मेली असे मात्र नाही. कोवळ्या काटकीवर नखाने ओरखडा काढून पाहावा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर ती जिवंत आहे.

दुसरा प्रश्न, खोड चिरले आहे काय? मुख्य खोडात खोलवर उभी भेग पडली असेल किंवा दोन मोठ्या फांद्यांमधील बेचके फाटून भेग खाली उतरली असेल, तर ते गंभीर लक्षण आहे. अशी भेग झाड पुन्हा जोडू शकत नाही.

तिसरा प्रश्न, साल किती निघाली? झाडाचे अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. खोडाच्या घेराच्या पाव भागापर्यंतची साल गेली असेल तर फारशी चिंता नाही. निम्म्याहून अधिक घेर सोलला गेला असेल तर मुळांची उपासमार सुरू होते.

चौथा प्रश्न, झाड कलले आहे काय, आणि ते कलणे जुने की नवे? वर्षानुवर्षे कललेले झाड वरच्या टोकाला उजेडाकडे वळून सरळ झालेले असते. त्याची मुळेही त्या भाराला सरावलेली असतात. नव्याने कललेल्या झाडाचे खोड सरळच्या सरळ तिरपे होते, कलण्याच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली दिसते आणि तिच्यात अर्धवर्तुळाकार भेगा पडतात. मोठ्या झाडाच्या बाबतीत ही खूण दिसली तर ते घराच्या, वाटेच्या किंवा शेजाऱ्याच्या दिशेने आहे का, हे तत्काळ पाहावे.

पाचवा प्रश्न, आधीचा रोग किती? बुंध्याशी उगवलेल्या भूछत्र्या, खोडाला चिकटलेल्या कडक बुरशीच्या चकत्या, सालीतून झिरपणारे काळपट पाणी ही आतील कुजीची चिन्हे होत. लाकडी हातोडीने खोडावर ठोकून आवाज ऐकावा. पोकळ भाग ढोलासारखा वाजतो. मात्र पोकळ झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे. बाहेरच्या घट्ट लाकडाची जाडी सर्व बाजूंनी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांशाहून अधिक असेल तर पोकळ खोडही पुष्कळ भार पेलते, असा वृक्षतज्ज्ञांचा सर्वसाधारण आडाखा आहे.

झाडाची जखम भरून येत नाही

येथे एक मूलभूत गोष्ट समजून घ्यायला हवी. माणसाच्या त्वचेप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. तो वेगळा पाडून बंद करते. जखमेच्या वर, खाली, आत आणि बाजूंना ते रासायनिक व भौतिक भिंती उभारते, कूज त्या चौकटीत कोंडून ठेवते आणि बाहेरून नव्या लाकडाचा थर चढवते. अमेरिकेच्या वन सेवेतील संशोधक अलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या आतील कुजीचा मार्ग तपासला आणि १९७७ साली ही संकल्पना सुसूत्रपणे मांडली. फांदी कशी कापावी, याविषयीचे आजचे शास्त्र याच निरीक्षणावर उभे आहे.

वादळाची जखम किती दीर्घकाळ काम करते, याचे आपल्या देशातील ठळक उदाहरण म्हणजे कोलकात्याजवळील शिबपूर येथील वनस्पती उद्यानातला महावट. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि अखेर १९२५ साली त्याचे कुजलेले मुख्य खोड काढून टाकावे लागले. वटवृक्षाला पारंब्यांचा आधार असतो, म्हणून तो आजही उभा आहे. आंब्या-फणसाला हे वरदान नाही. त्यांच्या खोडात शिरलेली कूज म्हणजे त्यांच्या आयुष्याचा हिशेबच.

फांदी कशी कापावी?

फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे तिच्या मुळाशी एक किंचित फुगीर, सुरकुतलेले कडे असते. संरक्षक भिंत उभारण्याची क्षमता याच कड्यात असते. म्हणून छाटणीचा पहिला नियम असा की हे कडे शाबूत ठेवून, त्याच्या अगदी बाहेरच्या कडेवर कापावे. खोडाशी सपाट कापले तर कडे जाते आणि खोडावर मोठी जखम होते. उलट वीतभर खुंट ठेवला तर तो मरतो, कुजतो आणि तीच कूज खोडात उतरते. आपल्याकडे कोयत्याने तोडलेले असे खुंट कपडे वाळत घालण्याच्या खुंट्यांसारखे जागोजागी दिसतात. प्रत्येक खुंट म्हणजे कुजीला उघडे ठेवलेले दार असते.

जड फांदी एका घावात कापू नये. तिच्या वजनाने खालची साल फाटत खोडापर्यंत येते. त्यासाठी तीन काप घ्यावेत. पहिला काप खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश भागापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, फांदी सुटेपर्यंत. तिसरा उरलेल्या खुंटाचा, कड्याच्या बाहेरून. फांदी मधेच मोडली असेल तर ती मागच्या सशक्त उपफांदीपर्यंत कापत न्यावी. फाटलेली, चिंध्या झालेली साल धारदार चाकूने घट्ट सालीपर्यंत स्वच्छ करावी. जखम नीटस दिसावी म्हणून चांगली साल मात्र कोरू नये. साल नुकतीच, काही तासांपूर्वी सुटली असेल आणि आतून ओलसर असेल तर ती जागेवर बसवून ओल्या गोणपाटाने बांधता येते. कधी कधी ती पुन्हा धरते.

एका वर्षात जिवंत पर्णसंभाराच्या पाव भागाहून अधिक छाटू नये. वादळाने आधीच निम्मी पाने नेली असतील तर मोडलेल्या, लोंबकळत्या आणि मेलेल्या फांद्यांशिवाय पहिल्या वर्षी काहीच कापू नये. उरलेले प्रत्येक पान त्या झाडाची चूल पेटती ठेवत असते. आकार देण्याची, विरळणीची छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, थोडी थोडी करावी.

'पुन्हा पडायला नको, वरून अर्धे उतरवून टाका' हा सल्ला वादळानंतर हमखास मिळतो. तो घातक आहे. शेंडा सरसकट छाटला की झाडाचे अन्न बंद होते, मोठ्या जखमा उघड्या राहतात आणि घाबरलेले झाड असंख्य धुमारे फोडते. हे धुमारे वेगाने वाढतात. पण त्यांचा जोड उथळ असतो. पाच-सात वर्षांनी तेच वजनदार होऊन वादळात तुटतात. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेली छाटणीच पुढचा धोका पेरते. फांद्यांच्या आतील सगळी पालवी काढून टोकाला झुबका ठेवण्याची पद्धतही तितकीच वाईट; त्यामुळे सारा भार टोकाला जाऊन फांदी अधिक हेलकावते.

डांबर, रंग, सिमेंट आणि तार

कापलेल्या जागी डांबर किंवा तैलरंग फासण्याची सवय जुनी आहे. त्याने कूज थांबत नाही. उलट लेपाखाली ओल अडकून बुरशीला आसरा मिळतो. नीट घेतलेला काप उघडा राहिला तरी झाड आपले काम करते. आपल्या दमट हवेत आंब्यासारख्या फळझाडांच्या मोठ्या कापांवर कृषितज्ज्ञ बोर्डो लेप सुचवतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असे त्याचे प्रमाण आहे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या वा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये. हा लेप बुरशीनाशक आहे, हे लक्षात ठेवावे; चुकीच्या कापावरचा तो उतारा नव्हे.

खोडातील पोकळी सिमेंटने भरू नये. झाड डोलते, सिमेंट डोलत नाही. दोहोंच्या घर्षणात आतील संरक्षक भिंत मोडते आणि कूज नव्याने पसरते. फाटू पाहणारी फांदी तारेने आवळणेही तसेच. खोड जाड होत गेले की तार सालीत रुतते आणि झाडाला फास बसतो. महत्त्वाची फांदी वाचवायचीच असेल तर जाणकाराकडून आरपार बोल्ट किंवा उंचावर आधाराची केबल बसवून घ्यावी, अथवा खालून भक्कम टेकू द्यावा, आणि दरवर्षी त्याची पाहणी करावी.

उपचाराची खरी जागा : माती

मोडलेल्या फांद्यांकडे सर्वांचे लक्ष जाते. मुळांकडे जात नाही. लंडनच्या क्यू उद्यानातील एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. ऑक्टोबर १९८७ मधील भीषण वादळात त्या उद्यानातील सुमारे ७०० झाडे गेली. १७९८ मध्ये लावलेला 'टर्नर्स ओक' हा वृक्ष मात्र मुळांच्या थाळ्यासकट उचलला जाऊन पुन्हा त्याच जागी बसला. वादळापूर्वी तो खंगत चालला होता. त्याला टेकू देऊन ठेवले गेले आणि पुढे तीनेक वर्षांनी पाहतात तो झाड पूर्वीपेक्षा जोमदार. लाखो पावलांनी तुडवून घट्ट झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती, मुळांना हवा मिळाली होती. त्यानंतर क्यूमध्ये जुन्या झाडांभोवतालची माती मुद्दाम मोकळी करण्याची पद्धत रूढ झाली.

परसातील झाडाच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे. बुंध्याभोवती गाडी उभी करू नये, रेती-चिऱ्यांचे ढीग रचू नयेत, फरशा असतील तर निदान काही काढून माती उघडी करावी. पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन पर्णसंभाराच्या घेरापर्यंत पसरावे. मात्र ते खोडाला टेकवू नये, बुंध्याची साल सतत ओली राहून कुजते. पहिल्या वर्षी रासायनिक खताचा, विशेषतः युरियाचा मारा टाळावा. मुळे दुखावलेली असताना कोवळी पालवी भराभर फुटली तर झाडाचा साठा संपतो आणि किडींना आमंत्रण मिळते. त्यापेक्षा जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत आठवड्यातून एकदा, घेराच्या कडेला, सावकाश मुरेल असे पाणी द्यावे.

उन्मळलेले झाड पुन्हा उभे करता येते काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. खोडाचा व्यास साधारण चार इंचांपर्यंत असेल, निम्मी मुळे जमिनीत असतील आणि मुळे वाळलेली नसतील, तर येते. तुटलेली मुळे स्वच्छ कापून, झाड हळूहळू उचलून, माती भरून, तीन बाजूंनी रुंद पट्ट्यांचे ताण द्यावेत आणि वर्षभराने ते सोडवावेत. मोठे झाड यंत्राने उभे केले तरी नवी आधारमुळे तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. घराजवळ हा जुगार खेळू नये.

झाडाझाडांचा स्वभाव

आंबा : योग्य रीतीने छाटलेला जुना आंबा चांगला फुटतो. मानकुराद किंवा मुसरादचे जुने झाड म्हणूनच सहजी सोडून देऊ नये. पुढील एक-दोन हंगामांत मोहोर कमी येईल, हे मात्र गृहीत धरावे. धोका असतो तो खोडकिड्याचा. जखमी, दुर्बळ झाडाच्या सालीच्या फटींत त्याचे भुंगे अंडी घालतात आणि अळी आत लाकूड पोखरते. खोडातून भुसा पडताना दिसला किंवा छिद्रातून रस ओघळला तर लगेच विभागीय कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा. आंब्याचा चीक त्वचेला भाजतो. कापताना अंग झाकलेले असावे.

फणस : लाकूड टिकाऊ, पण मुळांशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही. वादळानंतर त्याच्याभोवतीचा पाण्याचा निचरा प्रथम पाहावा. खोडावरच फळ धरत असल्याने खोडाची साल जपणे येथे विशेष महत्त्वाचे.

माड : माडाला वरील बहुतेक नियम लागू पडत नाहीत, कारण तो आंब्यासारखा वृक्ष नसून ताडकुळातील आहे. त्याच्या खोडात जखम झाकणारा थर नसतो; खोडावरील खाच जन्मभर तशीच राहते. त्याचा सारा जीव शेंड्यातील एका कोंबात असतो. कोंब मोडला तर माड संपला. कोंब शाबूत असेल तर झावळ्या कितीही फाटल्या तरी थांबावे. निरोगी माड वर्षाला साधारण बारा ते चौदा झावळ्या काढतो आणि त्याच्या माथ्यावर तीसेक झावळ्या असतात. म्हणजे पूर्ण माथा भरायला दोन-अडीच वर्षे लागतात. नवी पोय फुलल्यापासून नारळ पिकायलाही सुमारे वर्ष लागते. या काळात अर्धवट हिरव्या झावळ्या काढू नयेत. मधली सुरळी ओढताच हाती येत असेल आणि दुर्गंधी येत असेल तर तो कोंबकुजीचा रोग. सुरुवातीलाच कळल्यास कुजलेला भाग काढून बोर्डो लेप लावल्याने माड वाचू शकतो. जखमांच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तर पडून कुजणाऱ्या माडांच्या खोडांत गेंड्या भुंग्याची पैदास होते. म्हणून पडलेले माड परसात कुजू न देता लवकर हलवावेत. त्याचा लाभ शेजारच्या उभ्या माडांना होतो. कललेल्या माडावर पाडेल्याला चढवू नये.

गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, शेवगा : लाकूड ठिसूळ, वाढ झपाट्याची. घराला लागून असल्यास यांच्या बाबतीत सावधगिरीकडे झुकलेला निर्णय योग्य. चिंच मात्र चिवट. तिला शक्य तितकी संधी द्यावी.

परवानगी आणि माणसे

परसातील झाड आपल्या मालकीचे असले तरी ते तोडण्याची पूर्ण मुभा मालकाला नाही. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार गोव्यात झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि त्या बदल्यात नवी झाडे लावण्याची अट येऊ शकते. २०१६ मध्ये माडाला या कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून वगळले गेले होते. त्यावर मोठा वाद झाला आणि २०१७ मध्ये माड पुन्हा कायद्याच्या छत्राखाली आला. झाड जीविताला धोका ठरत असेल तर वन खाते, मामलेदार कार्यालय किंवा पंचायतीकडे छायाचित्रांसह तातडीने लेखी कळवावे आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे वागावे. शेजाऱ्याच्या झाडाविषयीही तोंडी भांडणापेक्षा लेखी निवेदन उपयोगी ठरते.

काम कोणाला द्यायचे, हाही विचार करण्याजोगा विषय. लाकडाच्या मोबदल्यात फुकट तोडून देणाऱ्याला फांदी वाचवण्यात नव्हे, जाड लाकूड मिळवण्यात रस असतो. मजुरी रोख ठरवावी आणि नेमक्या कोणत्या फांद्या कापायच्या, त्या खडूने वा दोरीने खुणावून द्याव्यात. काप कोठे घेणार, असे विचारून पाहावे. 'खोडाला सपाट' किंवा 'वरून अर्धे' असे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधावा. जिवंत झाडावर लोखंडी खिळ्यांचे जोडे घालून चढू देऊ नये. खते, किडी, रोग यांविषयी विभागीय कृषी कार्यालये आणि जुने गोवे येथील एला परिसरातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था मार्गदर्शन करू शकतात.

पुढची दोन-तीन वर्षे

दुखावलेले झाड बहुधा एका दिवसात मरत नाही आणि एका पावसाळ्यात सावरतही नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर खोडावर, मुख्य फांद्यांवर धुमारे फुटतील. ते लगेच ओरबाडू नयेत. झाड त्यांवरच जगत असते. दुसऱ्या वर्षी त्यांतील योग्य जागचे, सशक्त धुमारे राखून बाकीचे थोडे थोडे काढावेत. तेच उद्याच्या फांद्या होतील. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये, वळवापूर्वी, वाळक्या फांद्या, भेगा, भुसा, भूछत्र्या आणि बुंध्याजवळची माती यांची पाहणी करावी. मागील वर्षीच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले म्हणजे झाडाची दिशा कळते. कापाच्या कडेने नव्या सालीचे गोल ओठ वळू लागले असतील तर झाड जिंकते आहे.

कधी कधी उत्तर नकारार्थी येते. खोड बुंध्यापर्यंत चिरले आहे, मुळे एका बाजूने सुटली आहेत आणि खाली माणसे झोपतात, अशा स्थितीत झाड उतरवणे हाच शहाणपणा. तेव्हा आठवणींना जिवापेक्षा मोठे करू नये. मात्र त्या झाडाच्या चांगल्या काटक्या आधी उतरवून कलमे बांधून घेता येतात. आजोबांनी लावलेल्या मुसरादचे वाण त्याच्या कोयीतून तसेच्या तसे येईल याची खात्री नसते. कलमातून ते येते. कलमासाठी काडी जिवंत झाडावरूनच घ्यावी लागते, म्हणून ही व्यवस्था करवत येण्याच्या आधी करावी. नवे रोप जुन्या खुंटापासून, घरापासून, वीजवाहिनीपासून आणि पुढे कधी भिंत बांधायची असेल त्या जागेपासून पुरेसे दूर लावावे. त्याची मुळे चारही बाजूंना मोकळी पसरू दिली तर पन्नास वर्षांनंतरच्या वादळात ते उभे राहण्याची शक्यता आजच वाढलेली असेल.